चार लोफ एकदम केले की शेवटचे दोन का बसतात?

एका लोफची कृती हातात पक्की बसलेली असते. मग आठवड्याचा ब्रेड एकदाच करून टाकू म्हणून सगळं साहित्य चौपट घेतलं जातं आणि तक्रार सुरू होते. पहिला लोफ नेहमीसारखा, दुसरा बरा, तिसऱ्याचा माथा सपाट आणि चौथा ओव्हनमध्ये गेल्यावर मधोमध खचलेला. पुढच्या वेळी यीस्ट बदललं जातं, त्याच्या पुढच्या वेळी मैदा बदलला जातो, कुणी सांगितलं म्हणून पाण्याऐवजी दूध घातलं जातं. एखादा घाणा चांगला निघतो आणि प्रश्न सुटला असं वाटतं. नंतर पुन्हा तेच.

यात यीस्टचा किंवा मैद्याचा दोष सहसा नसतो. साहित्य चौपट करणं सोपं आहे. पिठातली उष्णता, फुगण्याचा वेळ आणि ओव्हनमधली जागा मात्र चौपट होत नाहीत, त्या आपापल्या हिशोबाने चालतात. एका लोफच्या वेळी हा हिशोब आपोआप जुळतो म्हणून तो कधी लक्षातच येत नाही. चार लोफ करायचे तर तो मुद्दाम जुळवावा लागतो. कसा, ते खाली सविस्तर लिहितो.

आधी नेमका कोणता लोफ बिघडतो ते बघा

काहीही बदलण्याआधी एक घाणा फक्त निरीक्षणासाठी करा. प्रत्येक टिनला चिकटपट्टी लावून नंबर टाका. कागदावर प्रत्येक टिनपुढे तीन गोष्टी लिहा: वळून टिनमध्ये कधी ठेवला, ओव्हनमध्ये कधी गेला, ओव्हनमध्ये कुठे होता. भाजताना चिकटपट्टी काढा, पण जागा लक्षात ठेवा. थंड झाल्यावर चारही लोफ मधोमध कापून शेजारी शेजारी मांडा.

चारही लोफमध्ये एकच दोष असेल, म्हणजे सगळेच दडस किंवा सगळेच भुसभुशीत, तर गडबड पिठातच आहे: वजन, मळणं किंवा तापमान. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत दोष वाढत गेला असेल तर लोफ वाट पाहत बसले आणि जास्त फुगले. नंबर कोणताही असो, ओव्हनच्या एकाच कोपऱ्यातला लोफ दरवेळी बिघडत असेल तर ओव्हनकडे वळा. आणि कसलाच क्रम लागत नसेल तर गोळे करताना वजनं सारखी नव्हती किंवा वळण्यात फरक पडला.

एवढं कळलं की निम्मं काम झालं. यीस्ट वाढवू की कमी करू हा प्रश्न त्यानंतरचा.

पिठाचं तापमान: बहुतेक वेळा चूक इथेच असते

मळणं संपल्या संपल्या थर्मामीटरची सळई पिठाच्या बरोबर मध्यात खुपसा. सँडविच ब्रेडच्या पिठाला २५ ते २७ अंश सेल्सिअस हे तापमान मानवतं. आकडा ३० च्या पुढे गेला असेल तर पुढे काय होणार हे तिथेच कळतं.

एका लोफचं पीठ साधारण सहाशे ग्रॅमचं असतं. ते लहान भांड्यात असतं, आजूबाजूच्या हवेशी त्याची उष्णतेची देवाणघेवाण पटकन होते आणि थोड्या वेळात ते खोलीच्या तापमानाजवळ येतं. अडीच किलोच्या पिठाचं तसं नसतं. वजन चौपट झालं तरी हवेला लागणारा पृष्ठभाग त्या मानाने फारच कमी वाढतो. त्यामुळे मळताना आलेली ऊब मधल्या भागात अडकून राहते. त्यात यीस्ट साखर खाताना स्वतःही उष्णता सोडतं, तीही आतच राहते. तासाभराने मध्यात आणि कडेला असं दोन ठिकाणी तापमान घेऊन बघा, फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. कडेला हात लावून पीठ गार वाटतं तेव्हा मध्य कधीच पुढे निघून गेलेला असतो.

म्हणून एका लोफच्या कृतीत 'दीड तास फुगू द्या' असं लिहिलं असेल तर तोच दीड तास मोठ्या पिठाला जास्त होतो. गारठ्याच्या दिवसांतही हे लागू पडतं, कारण लहान गोळा थंडीत निवतो आणि सावकाश फुगतो, मोठा गोळा मात्र आपली ऊब धरून ठेवतो.

हे तापमान हातात ठेवायचा मार्ग म्हणजे पाणी. मैदा आणि खोली जशी असेल तशी घ्यावी लागते, पाणी मात्र हवं तसं गार किंवा कोमट करता येतं. हिशोब असा: हव्या त्या तापमानाला तीनने गुणा. त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि मळताना घर्षणाने वाढणारी उष्णता वजा करा. उरेल ते पाण्याचं तापमान. घर्षणाचा आकडा हाताने मळताना साधारण ३ आणि घरगुती स्टँड मिक्सरमध्ये साधारण १२ धरून सुरुवात करता येते.

पीठ २६ अंशांवर हवंय, खोली ३१, मैदा ३०, मिक्सर वापरताय असं समजा. २६ गुणिले ३ म्हणजे ७८. त्यातून ३१, ३० आणि १२ गेले, उरले ५. म्हणजे बर्फात गार केलेलं पाणी लागेल. हेच हाताने मळलं तर उत्तर १४ येतं, फ्रीजमधलं पाणी थोडं साध्या पाण्यात मिसळलं की झालं. खोली आणि मैदा दोन्ही २० अंशांवर असतील तर मिक्सरसाठी २६ अंशांचं पाणी, म्हणजे जेमतेम कोमट.

पहिल्या वेळी अंदाज दोन-तीन अंशांनी चुकेल. चुकला तर घर्षणाचा आकडा आपल्या मिक्सरप्रमाणे दुरुस्त करून घ्या: मळून झालेल्या पिठाचं तापमान गुणिले तीन, वजा खोली, वजा मैदा, वजा पाणी. आलेला आकडा मिक्सरवरच लिहून ठेवा. पिठाचं प्रमाण आणि मळायचा वेळ तोच ठेवलात तर तो फारसा बदलत नाही.

बर्फाचं पाणी वापरताना दोन गोष्टी सांभाळा. बर्फ पाण्यात राहू देणार असाल तर त्याचं वजन पाण्यात धरा, नाहीतर पीठ सैल होतं. आणि इन्स्टंट यीस्ट थेट गार पाण्यात टाकू नका. कोरड्या यीस्टला भिजतानाच थंडीचा झटका बसला तर त्याची ताकद कमी होते, आणि पेशींतून बाहेर पडणाऱ्या द्रव्यामुळे पीठही ढिलं पडतं. आधी मैदा आणि पाणी एकत्र करा, ओला गोळा तयार झाला की मग यीस्ट भुरभुरा. तोपर्यंत मैद्याच्या उबेने पाण्याचा गारठा कमी झालेला असतो.

उन्हाळ्यात मैदाच रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला तर हिशोब आणखी सोपा होतो. मला बर्फापेक्षा हा उपाय जास्त आवडतो.

पीठ फुगायला ठेवताना खोल पातेलं नको. पसरट, सपाट तळाचे दोन डबे घ्या आणि पीठ अर्धं अर्धं वाटा. थराची जाडी कमी झाली की मधली ऊब बाहेर पडते आणि सगळं पीठ सारखं फुगतं. नुसत्या या बदलाने खचलेले लोफ सुधारल्याचं मी पाहिलंय.

फुगणं मोजायला सरळ उभ्या काचेच्या ग्लासात पिठाचा लहान तुकडा ठेवून खूण करायची युक्ती बरेच जण वापरतात. युक्ती चांगली आहे, पण मोठ्या घाण्यात ती फसवते. ग्लासातला तुकडा खोलीच्या तापमानावर येतो, डब्यातलं पीठ त्याहून गरम असतं. ग्लास 'अजून वेळ आहे' सांगत राहतो आणि डब्यातलं पीठ पुढे निघून जातं. ग्लास ठेवायचाच तर पिठातच थोडा रुतवून ठेवा, म्हणजे दोघांचं तापमान जवळपास राहील.

मग यीस्ट कमी करायचं का? माझ्या मते आधी तापमान सुधारा, यीस्टला हात नंतर लावा. पाणी बर्फाचं घेऊनही पीठ २८-२९ च्या खाली येत नसेल, तर इन्स्टंट यीस्ट मैद्याच्या १ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणा. त्याहून खाली एकदम उडी मारू नका.

चमचे आणि कप सोडा, टक्के धरा

एका लोफला चमचा शिगोशीग भरला काय आणि सपाट भरला काय, फार बिघडत नाही. तोच फरक चार वेळा झाला की बिघडतं. सपाट चमचाभर इन्स्टंट यीस्ट साधारण ३ ग्रॅम भरतं. शिगोशीग भरलं तर दीडपट सहज होतं. मिठाचंही तसंच, त्यात बारीक आणि जाड मिठाचं चमच्यातलं वजन वेगळं. कपाने मैदा घेताना तर दाबून भरला की भुरभुरून, यावर दर कपाला वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो.

बेकर लोक सगळं मैद्याच्या टक्क्यांत लिहितात आणि मोठ्या घाण्यासाठी याहून सोयीचं काही नाही. मैदा १०० धरला तर सँडविच ब्रेडसाठी पाणी ६२, साखर ५, लोणी ५, दूधपावडर ४, मीठ १.८ आणि इन्स्टंट यीस्ट १. बेरीज १७८.८. सहाशे ग्रॅमचे चार गोळे म्हणजे २४०० ग्रॅम. भांड्याला आणि हाताला चिकटून जाणारं धरून २४५० ग्रॅम पीठ हवं. २४५० ला १.७८८ ने भागलं की मैदा १३७० ग्रॅम येतो. त्यावरून पाणी ८५०, साखर आणि लोणी प्रत्येकी ६८, दूधपावडर ५५, मीठ २५ आणि यीस्ट १४ ग्रॅम.

पाण्यातले पन्नासेक ग्रॅम सुरुवातीला बाजूला ठेवा. प्रत्येक मैदा पाणी वेगवेगळं पितो, आणि मोठ्या घाण्यात जास्त झालेलं पाणी परत काढता येत नाही. गव्हाचं पीठ मिसळत असाल तर पाणी वाढवावं लागेल, कारण कोंडा पाणी जास्त आणि सावकाश ओढतो.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. चारही गोळे झपाट्याने फुगले, पीठ हाताला चिकट लागतंय आणि ब्रेडला चवच नाही, असं झालं तर मीठ घालायचं राहून गेलंय. मीठ यीस्टला आवर घालतं आणि ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिनांचं जाळं, घट्ट करतं. मोजून ठेवलेल्या वाट्या ओळीने मांडून ठेवल्या की ही विसर टळते.

मळणं अर्धवट राहतं

घरगुती मिक्सरच्या पुस्तिकेत मैद्याची कमाल मर्यादा दिलेली असते. ती पाळा, आणि सँडविच ब्रेडचं पीठ घट्टसर असल्याने मर्यादेच्या थोडं खालीच राहा. जास्त पीठ घातलं की ते हुकवर चढतं, हुकाभोवती गोल गोल फिरतं आणि बाहेरून छान मळल्यासारखं दिसतं. आतला भाग मात्र नुसता भिजलेला असतो. वर मोटर तापते आणि तिची उष्णता पिठात उतरते.

तपासायचं तर एका जागचा तुकडा घेऊन भागत नाही. मध्यातून, तळातून आणि कडेने असे लिंबाएवढे तीन तुकडे तोडा. प्रत्येक बोटांवर हलके ताणा. तिन्ही ठिकाणी पातळ, उजेड आरपार दिसेल असा पडदा झाला पाहिजे. एक तुकडा ताणला जातोय आणि दुसरा तुटतोय, तर पीठ सारखं मळलेलं नाही. अशा पिठाच्या चार लोफमधले दोन चांगले निघतात आणि दोन दडस, आणि कारण कळत नाही.

हाताने मळणाऱ्यांसाठी सर्वात मोठी सवलत म्हणजे विश्रांती. मैदा, पाणी, दूधपावडर नुसतं ओलं करून झाकून वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. तेवढ्या वेळात मैदा पाणी पितो आणि ग्लुटेन आपणहून जुळायला लागतं, पुढचं मळणं निम्म्यावर येतं. मग यीस्ट, मीठ, साखर. लोणी सगळ्यात शेवटी, पीठ ताणलं जायला लागल्यावर. स्निग्ध पदार्थ आधीच घातला तर ग्लुटेन जुळायला वेळ लागतो. आणि अडीच किलो एकदम मळायचा हट्ट नको. दोन भाग करा, एक मळताना दुसरा झाकून ठेवा.

पीठ चिकट लागतंय म्हणून वरून मैदा टाकत जाऊ नका. मोठ्या घाण्यात चिकटपणा बहुतेक वेळा कमी मळल्याचा असतो, पाण्याचा नाही.

टिनला किती पीठ

टिन काठोकाठ पाण्याने भरा आणि ते पाणी मोजा. झाकण नसलेल्या टिनसाठी मिलिलिटरचा आकडा २.३ ने भागला की पिठाचे ग्रॅम मिळतात. १४०० मिलिलिटरच्या टिनला सहाशे ग्रॅम. झाकणाच्या चौकोनी टिनला ३.५ ने भागा. गव्हाचं पीठ बरंच मिसळलं असेल तर टिनमध्ये मळलेला गोळा थोडा जास्त वजनाचा घ्या, कारण तो नुसत्या मैद्याइतका फुगत नाही.

घरात चार टिन असतील तर ते सारखे असतीलच असं नाही. दोन थोडे रुंद, दोन अरुंद असतात. सगळ्यांत सहाशे ग्रॅम घातलं तर रुंद टिनमधला लोफ 'बसलेला' दिसतो. तो बसलेला नसतो, त्याला जागा जास्त होती एवढंच. गोळे तोलताना पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक ठेवू नका.

तोडलेले गोळे ओळीने ठेवा, पंधरा-वीस मिनिटं झाकून विश्रांती द्या, आणि ज्या क्रमाने तोडले त्याच क्रमाने वळा. वळताना तळव्याने दाबून मोठे फुगे काढा, घट्ट गुंडाळा, सांधा चिमटून खाली करा. ओट्यावर मैदा पसरून वळलं तर थर एकमेकांना चिकटत नाहीत आणि कापल्यावर आत लांब बोगदा दिसतो. ओट्याला तेलाचं बोट पुरतं.

ओव्हनमध्ये दोनच मावतात तेव्हा

शेवटचे दोन लोफ बिघडायचं दुसरं मोठं कारण हे. चारही लोफ एकाच वेळी टिनमध्ये गेले, एकाच वेळी तयार झाले, आणि ओव्हनमध्ये जागा दोघांनाच. पहिल्या घाण्याला पस्तीसेक मिनिटं, ओव्हन परत तापायला दहा मिनिटं. ही पाऊण तासाची वाट फुगून तयार झालेल्या पिठाला झेपत नाही. फुग्यांच्या भिंती पातळ होत जातात आणि ओव्हनच्या उष्णतेने गॅस प्रसरण पावला की फाटतात. माथा खचतो, साल सुरकुतते, पोत वरच्या बाजूला भोकाभोकांचा आणि तळाशी दाट होतो.

म्हणून वेळेचं गणित ओव्हनकडून उलटं मांडा. दुसरी जोडी ओव्हनमध्ये पाऊण तास उशिरा जाणार आहे, तर तिचं पीठही पाऊण तास उशिरा भिजवा. दोन वेगळी पिठं, पाऊण तासाच्या अंतराने. कामं आळीपाळीने येतात, ओट्यावर गर्दी होत नाही, मिक्सरवर ताण येत नाही आणि पिठाचा गोळाही लहान राहतो. वर सांगितलेल्या तीन अडचणी एका बदलात हलक्या होतात. पर्याय बरेच आहेत, पण मला कुणी विचारलं तर मी आधी हाच सांगतो.

फ्रीजचा पर्यायही चालतो, पण त्याच्या मर्यादा समजून घ्या. टिनमध्ये वळून ठेवलेला लोफ फ्रीजमध्ये ठेवला म्हणून लगेच थांबत नाही. बाहेरचा थर गार होतो, मध्यभाग तासाहून जास्त वेळ फुगतच राहतो. अर्धा फुगल्यावर 'आता थांबवू' म्हणून आत ठेवला तर तो आतच पूर्ण फुगतो. ठेवायचा तर वळल्याबरोबर, फुगायला सुरुवात होण्याआधी, झाकून ठेवा. त्याहून बरं म्हणजे गोळे करण्याआधीच दुसऱ्या अर्ध्या पिठाचा तीन-चार सेंटिमीटर जाडीचा चपटा थर करून ट्रेमध्ये, झाकून फ्रीजमध्ये. चपटं पीठ लवकर गार होतं आणि नंतर लवकर परत खोलीच्या तापमानावर येतं.

तयार झालेला लोफ ओळखायचा कसा? घड्याळावर नको. झाकण नसलेल्या टिनमध्ये मधला फुगवटा काठाच्या वर दोनेक सेंटिमीटर आला की बोटाला पीठ लावून हलकं दाबा. खड्डा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे. सावकाश, अर्धवट भरून आला तर ओव्हनची वेळ झाली. भरलाच नाही, किंवा दाबल्यावर आजूबाजूचा भागही खाली गेला, तर जास्त झालं. झाकणाच्या टिनमध्ये पीठ काठाच्या दीड-दोन सेंटिमीटर खाली असतानाच झाकण सरकवा.

जास्त फुगलेला लोफ तसाच भाजू नका. टिनमधून काढा, हवा पूर्ण दाबून काढा, पुन्हा घट्ट वळा आणि परत टिनमध्ये ठेवा. दुसऱ्यांदा तो पहिल्यापेक्षा लवकर वर येतो, लक्ष ठेवा. लोफ अगदी पहिल्यासारखा नसेल, पण सँडविचला चांगला चालेल. हे एकदाच करता येतं.

चार टिन एकदम आत

मोठ्या ओव्हनमध्ये चारही मावत असतील तरी तो एका लोफच्या वेळचा ओव्हन राहत नाही. चार थंड टिन आणि अडीच किलो ओलं पीठ आत गेलं की तापमान धाडकन उतरतं. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नाही, भिंतीही तापायला हव्यात. निदान अर्धा-पाऊण तास आधी लावा. सुटा ओव्हन थर्मामीटर जाळीवर ठेवा, नॉबवरचा आकडा आणि आतलं तापमान यांत फरक निघणं अगदी नेहमीचं आहे. पंखा नसेल तर १९० अंश, पंखा असेल तर १७० ते १७५.

टिन एकमेकांना किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका, मध्ये पाच सेंटिमीटर तरी मोकळी जागा हवी. चिकटलेल्या बाजू पांढुरक्या राहतात. आणखी एक गंमत दिसते: लोफ एकाच बाजूने फाटतो. जी बाजू जास्त तापते तिथली साल आधी आवळते, आतलं पीठ मग अजून मऊ असलेल्या बाजूने वाट काढतं. दरवेळी एकाच बाजूला फाटत असेल तर दुसरी बाजू ओव्हनचा गरम कोपरा आहे.

पंखा नसलेल्या ओव्हनमध्ये दोन जाळ्यांवर भाजायच्या मी विरोधात आहे. खालचे टिन वरच्यांची उष्णता अडवतात आणि शेवटी कुणालाच नीट मिळत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी, लोफ उंच होऊन माथा आवळल्यावर, टिन फिरवा. त्याआधी दार उघडू नका.

चार लोफना एकापेक्षा पाच-आठ मिनिटं जास्त लागतात. रंग फसवा असतो, कारण साखर आणि दूधपावडरमुळे माथा लवकर तांबूस होतो. माथा पुरेसा लाल झाला तर फॉइलने झाका आणि भाजणं चालू ठेवा. थर्मामीटर बाजूने मध्यापर्यंत खुपसा, ९३ ते ९५ अंश झाले की काढा. चारही तपासा. एक झाला म्हणजे सगळे झाले असं मोठ्या घाण्यात होत नाही.

बाहेर काढल्यावर

ओव्हनमध्ये उंच, सरळ असलेला लोफ ओट्यावर येऊन दहा मिनिटांत कमरेत आवळतो, दोन्ही बाजू आत जातात. कमी भाजणं हे पहिलं कारण, टिनमध्ये जास्त वेळ राहणं हे दुसरं. टिनमध्ये वाफ कोंडते आणि बाजूची साल ओलसर, मऊ होते. वरचा भार तिला पेलत नाही. दोनच्या जागी चार लोफ काढायचे असले की चौथा हमखास टिनमध्ये राहतो, म्हणून आधी जाळ्या मांडून मगच दार उघडा. काढल्याबरोबर टिन दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीवरून सपाट ओट्यावर एकदा आपटा. आतली गरम वाफ झटक्यात निघते आणि बाजू आवळणं कमी होतं. मग लगेच टिनबाहेर.

जाळीवर लोफमध्ये अंतर ठेवा, एकावर एक नको. पूर्ण निवायला दोन-तीन तास लागतात. कोमट असताना कापलं तर काप चिकट निघतात आणि लोक त्याला कच्चा समजून पुढच्या वेळी करपवतात.

थोडाही कोमट लोफ पिशवीत घातला की आत पाणी सुटतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. दोन दिवसांत संपेल तेवढा बाहेर ठेवा. बाकीचे काप करून, हवा काढलेल्या पिशवीत, उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये. हवे तेवढे काप काढून थेट टोस्टरमध्ये घालता येतात. फ्रीजच्या नेहमीच्या कप्प्यात ब्रेड ठेवू नका, त्या तापमानाला स्टार्च सर्वात वेगाने घट्ट होतं आणि ब्रेड बाहेर ठेवल्यापेक्षाही लवकर शिळा लागतो.

एक दोष क्वचित दिसतो, पण मोठे घाणे करून गरम हवेत साठवणाऱ्यांनी तो ओळखायला हवा. एक-दोन दिवसांनी ब्रेडला पिकलेल्या अननसासारखा किंवा खरबुजासारखा गोडूस वास येतो, मधला भाग ओलसर तपकिरी होतो आणि काप ओढला की चिकट तार सुटते. ही बुरशी नाही. बॅसिलस जातीचे जिवाणू मैद्यातून येतात, त्यांचे बीजाणू भाजण्यातूनही वाचतात आणि लोफ सावकाश निवला की आतल्या उबेत वाढतात. असा ब्रेड फेकून द्या. टिन, ओटा, मळायचं भांडं, सुरी आणि पीठ झाकायचं फडकं गरम पाण्याने धुऊन व्हिनेगरने पुसा. उरलेला मैदा बदला. गरम हवा ओसरेपर्यंत किलोभर मैद्याला दोन-तीन चमचे व्हिनेगर पिठात घाला, आंबटपणा या जिवाणूंना मानवत नाही आणि एवढ्या प्रमाणात तो चवीला जाणवतही नाही. लोफ पंख्याखाली लवकर निववा आणि त्याच दिवशी फ्रीजरमध्ये टाका.